सीताफळाला फळ धरेना, तेव्हा

तासगावात आमच्या परसातलं सीताफळ फुलांनी लगडायचं, पण फळं पाच-सहाच, तीही एका बाजूनं बसलेली. शेणखत, पाणी, सगळं करून झालं. सासूबाई म्हणाल्या, "वांझ आहे, काढून टाका." माझं मन होईना.

मग रोज फुलं उलगडून बघू लागले. जाड पाकळ्या अर्धवट उघडल्या की आतला स्त्रीकेसरांचा झुबका ओला, चिकट असतो. पराग मात्र सुटलेले नसतात. पाकळ्या पुऱ्या फाकून पराग सुटतात तोवर तो झुबका सुकलेला! म्हणजे फूल स्वतःचे पराग स्वतःला लागूच देत नाही. एका फुलाचे पराग दुसऱ्यात नेण्याचं काम बारीक भुंगेऱ्यांचं, आणि आमच्याकडे ते फारसे दिसत नव्हते.

मे-जूनमध्ये रोज सकाळी पूर्ण फाकलेल्या फुलांचे पराग वाटीत झाडून घेतले आणि कोरड्या, मऊ ब्रशनं अर्ध्या उघडलेल्या फुलांत चारी बाजूंनी फिरवले. चारी बाजूंनी हे महत्त्वाचं: जिथले स्त्रीकेसर कोरे राहतात, तिथला डोळा फुगत नाही आणि फळ वाकडं होतं. कडक उन्हात झुबका लवकर सुकतो, म्हणून पाऊस पडून गेलेल्या सकाळी जास्त फुलं घेतली.

23 फुलांना दोरा बांधला होता. 14 धरली, सगळी गोल.