दार्दानो साकेत्ती यांचे लेखन पडद्यावर कसे ओळखावे

इटालियन भयपटांची चर्चा बहुतेक वेळा दिग्दर्शकांभोवती फिरते. मात्र १९४४ साली मोन्तेनेरो दि बिसाच्चा येथे जन्मलेले पटकथालेखक दार्दानो साकेत्ती यांनी दारिओ आर्जेन्तो, मारिओ बावा आणि लुचिओ फुल्ची या तिघा दिग्दर्शकांसाठीही लेखन केले असल्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचा अभ्यास लेखकाच्या सवयींचा माग काढतच करावा.

आरंभ फुल्ची यांच्या १९७७ सालच्या ‘सेत्ते नोते इन नेरो’पासून करावा आणि वही जवळ ठेवावी. नायिकेला दिसलेल्या खुनाच्या भासातील फुटका आरसा, पिवळी सिगारेट, मासिकाचे मुखपृष्ठ अशी प्रत्येक वस्तू टिपून ती पुढे कोठे परत येते हे नोंदवावे. ते मासिक त्या खुनाच्या वेळी छापलेलेच नव्हते हे उघड होते, तेव्हा झालेल्या खुनाची वाटणारी खूण होणाऱ्या खुनाची ठरते आणि आधीची सगळी पाने नव्याने वाचावी लागतात. माझ्या मते ही त्यांच्या लेखनातील सर्वांत देखणी बांधणी आहे. पटकथेवर रोबेर्तो जान्विती आणि फुल्ची यांचीही नावे आहेत, म्हणून एवढ्यावरच निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर बावा यांचा १९७१ सालचा ‘रेआत्सिओने आ कातेना’ पाहावा. चाकाच्या खुर्चीतील वृद्धेला फास लावणारा पुरुष पुढच्याच क्षणी स्वतः मारला जातो, आणि खुनी कोण हा प्रश्न बाजूला पडून खाडीकाठच्या मालमत्तेवरून एकमेकांना संपवणाऱ्यांची साखळी सुरू होते.

श्रेयनामावली वाचताना विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडे कथा आणि पटकथा वेगळी दाखवतात, तसेच तेथे ‘सोज्जेत्तो’ म्हणजे कथा आणि ‘शेनेज्जातुरा’ म्हणजे पटकथा. आर्जेन्तो यांच्या ‘इल गात्तो आ नोवे कोदे’मध्ये साकेत्ती यांचे नाव कथेपुरते आहे, तर ‘झोंबी २’ (१९७९) या चित्रपटावर त्यांचे काम असूनही नाव त्यांच्या पत्नी एलिसा ब्रिगान्ती यांचे आहे.

मारिओ बावा यांचे पुत्र लाम्बेर्तो बावा यांच्या ‘देमोनी’मध्ये (१९८५) चित्रपटगृहातील मुखवटा चेहऱ्याला ओरखडतो आणि तेच समोरच्या पडद्यावरही घडते, ते दृश्य दोनदा पाहावे. शेवटी १९८१ सालचा ‘क्वेल्ला व्हिल्ला आक्कान्तो आल चिमितेरो’ घ्यावा. त्यातील घराच्या छायाचित्रात खिडकीतली मुलगी लहानग्याला दिसते, आईला दिसत नाही. चित्रपट संपल्यावर मागे जाऊन तेवढाच प्रसंग पुन्हा लावावा.