जुन्या रॅमला नवी जोड देताना

आधी रॅमची पिढी बघा, म्हणजे डीडीआर४ की डीडीआर५. डीडीआर४च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसतच नाही. मधली खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा जोर लावू नका. वेग वेगळा असला तरी चालतं: ३२०० आणि २६६६ वेगाच्या स्टिक (रॅमच्या पट्ट्या) एकत्र लावल्या की दोन्ही सहसा २६६६वर धावतात. ८ आणि ४ जीबीची जोडीही मी खुशाल लावतो. बऱ्याच मदरबोर्डांवर त्यातले ८ जीबी (दोन्ही स्टिकमधले ४-४) ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी चालतात, उरलेले ४ सिंगलमध्ये, म्हणजे एकाच वाटेने.

पहिल्यांदा सुरू करताना एक्सएमपी (रॅमला जास्त वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) बंदच ठेवा. स्क्रीन काळी राहिली तर एकेक स्टिक लावून तपासा. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू द्या. एक जरी एरर दिसली तरी ती जोडी माझ्या लेखी बाद, कारण अशी रॅम फाइली गुपचूप बिघडवते.