ध्रुवीय प्रकाशाखाली गरम झऱ्यांची रात्रवाट : मराठवाड्यातून या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

नांदेड, परभणी, लातूर या भागांतील डोंगरभटकंतीची आवड असलेली मुले-मुली माझ्याकडे अलीकडे एकच चौकशी वारंवार करतात : आइसलँडमध्ये पर्यटकांना रात्री डोंगरवाटेने गरम पाण्याच्या झऱ्यापर्यंत नेऊन ध्रुवीय प्रकाश दाखवणाऱ्या वाटाड्याचे काम आपल्याला मिळेल का, आणि मिळवायचे तर काय शिकावे लागेल? मी किनवट तालुक्यातला. पदव्युत्तर शिक्षणासाठी रेक्याविकला गेलो, शिकत असतानाच एका लहान सहल कंपनीत मदतनीस म्हणून लागलो, पुढे तेथेच वाटाड्या म्हणून काम केले आणि आता नांदेडला परतून या क्षेत्रात येणाऱ्यांना जमेल तसे मार्गदर्शन करतो. चौकशी करणारे जवळजवळ सगळे आकाशाबद्दल विचारतात. हिरवा प्रकाश कधी दिसतो, कॅमेरा कोणता घ्यावा, कोणते ॲप चांगले. त्या सर्वांना मी आधी हे सांगतो की या कामात आकाश आपल्या हातात नसते. आपल्या हातात असते ती माणसाच्या अंगातली ऊब, आणि ती राखता येणे हीच या कामाची खरी विद्या आहे.

ज्या वाटेवर मी हे काम शिकलो ती रेक्याडालूर नावाच्या खोऱ्यातली आहे. रेक्याविकपासून सुमारे 45 किलोमीटरवर क्वेरागेर्डी हे गाव आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाहनतळापासून साडेतीन किलोमीटरच्या आसपास चढत गेले की डोंगरातून वाहत येणाऱ्या गरम ओढ्याशी आपण पोहोचतो. उन्हाळ्यात ही वाट कुणालाही जमेल अशी आहे. हिवाळ्यात मात्र तीच वाट गोठलेली, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेली असते आणि बुटांना लोखंडी दात्यांचे पट्टे बांधल्याशिवाय तिच्यावर पाऊल ठरत नाही. डिसेंबरात तेथे दिवसाचा उजेड जेमतेम चार तास असतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला निघालेली तुकडीसुद्धा पूर्ण रात्रीतच चालत असते. उलट जूनमध्ये अंधारच पडत नाही, म्हणून ध्रुवीय प्रकाशाचा हंगाम ऑगस्टअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा धरतात. उन्हाळ्यात वाटाड्याला हिमनदीवरचे किंवा लांब पल्ल्याच्या पदभ्रमणाचे काम शोधावे लागते, हेही आधीच लक्षात घ्यावे.

किनवटकडच्या वाचकाला गरम झरा नवा नाही. पैनगंगेच्या काठावरचे उनकेश्वर सर्वांच्या ओळखीचे आहे आणि त्वचेच्या विकारांवर उतारा म्हणून तेथे स्नानाला येणारी माणसे मी लहानपणापासून पाहिलेली आहेत. परंतु दोन्हीकडच्या पाण्याची जात वेगळी आहे. आपल्या दख्खनच्या पठारावरचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून केव्हाच निवालेला आहे; येथील झरे गरम असतात ते पावसाचे पाणी भेगांतून खोलवर मुरून, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापून पुन्हा वर येते म्हणून. रेक्याडालूर हे हेंगिल या ज्वालामुखीच्या क्षेत्रात येते. तेथे उष्णता इतकी वर आहे की त्याच डोंगराच्या अंगावर 2006 पासून हेतलिसहेइदी येथील मोठे भूऔष्णिक वीजकेंद्र चालते. अशा जमिनीचा भरवसा धरता येत नाही. 29 मे 2008 रोजी या भागात 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यानंतर क्वेरागेर्डीच्या वरच्या उतारावर पूर्वी नव्हती अशी उकळती कुंडे उघडली. म्हणून नव्या वाटाड्याने जुन्या नकाशावर विसंबून न राहता वाट दर हंगामाच्या सुरुवातीला दिवसाउजेडी स्वतः चालून पाहावी, हा तिथला पहिला शिरस्ता आहे.

वाटेच्या कडेने चिखलाची उकळती कुंडे आणि वाफेची तोंडे लागतात. त्यांच्याभोवती जमिनीची वरची पापडी पातळ असते; तिच्यावर बर्फ नसतो, माती मोकळी व कोरडी दिसते, आणि नेमक्या त्यामुळेच घसरणाऱ्या बर्फाला कंटाळलेला माणूस तिच्यावर पाय ठेवायला जातो. पाय आत गेला तर खाली शंभर अंशांच्या जवळपासचा चिखल असतो. या टप्प्यावर मी तुकडीला एका रांगेत घेत असे आणि खांबा-दोरीच्या आतच चालायला लावत असे. गंधकाचा वास हा दुसरा विषय. कुजलेल्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. मोकळ्या, वाहत्या हवेत तो उपद्रव देत नाही, परंतु हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे वारा पडलेल्या रात्री खोलगट जागी साठू शकतो, आणि त्याचे प्रमाण फार वाढले की नाक बधिर होऊन वासच येईनासा होतो. तेव्हा ‘वास गेला, आता बरे झाले’ असे कुणी म्हणाले तर त्याला तेथून आधी हलवावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ओढ्याचे पाणी सगळीकडे सारखे नसते. वरच्या अंगाला ते सोसवत नाही, खालच्या अंगाला कोमट होत जाते, आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी मिसळले की कालची चांगली जागा आज गार लागते. म्हणून तुकडी कपडे उतरवण्यापूर्वी वाटाड्याने तापमापी घेऊन दोन-चार ठिकाणी पाणी मोजायचे असते आणि 38 ते 40 अंशांच्या दरम्यानची जागा निवडायची असते. वाटाड्या स्वतः पाण्यात उतरत नाही. त्याची नजर काठावरच्या माणसांवर आणि घड्याळावर हवी. गरम पाण्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब उतरतो; वीस मिनिटांनंतर एकदम उभ्या राहिलेल्या माणसाला भोवळ येते, आणि त्याने मद्य घेतलेले असेल तर धोका कितीतरी वाढतो. सहलीआधीच्या अर्जात हृदयविकार, रक्तदाबाची औषधे, गरोदरपण यांची विचारणा असते. तो अर्ज गाडीत बसल्यावर पुन्हा वाचावा आणि संबंधित व्यक्तीशी बाजूला घेऊन बोलावे.

तरीही पाण्यात असेपर्यंत माणूस बरा असतो. खरी कसोटी बाहेर येतानाच्या दहा मिनिटांची आहे. पसरलेल्या रक्तवाहिन्या, ओले अंग आणि उणे तापमानातला वारा हे तिन्ही एकत्र आले की शरीर फार वेगाने निवते. रेक्याडालूरला कपडे बदलायला खोली नाही. लाकडी फळ्यांचे आडोसे तेवढे आहेत. म्हणून सगळी तयारी पाण्यात उतरण्यापूर्वी करून घ्यावी लागते. कपडे ज्या क्रमाने घालायचे त्याच्या उलट क्रमाने कोरड्या पिशवीत भरायचे, म्हणजे पंचा सर्वांत वर, त्याखाली लोकरीचा सदरा, मग लोकरीची विजार, मग मोजे. बुटांच्या नाड्या पूर्ण सैल करून बूट पालथे ठेवायचे, नाहीतर त्यांत बर्फ साचतो. हातमोजे जाकिटाच्या खिशात, म्हणजे शोधाशोध होत नाही. लोकरीची टोपी पाण्यातही डोक्यावरच ठेवायची आणि केस भिजू द्यायचे नाहीत. बाहेर आल्यावर आधी ओला पोशाख काढायचा. लाजेखातर त्याच्यावरच कपडे चढवणारा माणूस परतीच्या वाटेवर हमखास कुडकुडतो. बधिर बोटांनी गुंड्या लागत नाहीत, तेव्हा ज्येष्ठांच्या जाकिटाची चेन आपण लावून द्यावी. सर्वांना एकदम बाहेर काढू नये. दोन-दोन, तीन-तीन करून काढावे, आधीच्यांच्या हातात गरम पेय गेल्यावर पुढच्यांना बोलवावे आणि शेवटी डोकी मोजावीत. सुती बनियन आणि जीन्स घालून आलेल्या माणसाला वाहनतळावरच थांबवण्याचे धैर्य वाटाड्यात हवे, कारण ओली सुती वस्त्रे अंगाची ऊब शोषून घेतात.

याच ठिकाणी मराठी बोलणाऱ्या वाटाड्याचा उपयोग मोठा आहे. लातूरकडच्या एक काकू मुलाबरोबर आल्या होत्या. उघड्यावर कपडे बदलायला त्यांना संकोच वाटत होता, म्हणून त्या पाय सोडून काठावर बसल्या आणि मला म्हणाल्या, “दिसंल का रे बाबा ते हिरवं? लई लांबून आलोय.” मी म्हटले, “काकू, ढग हटले तर दिसंल. पर तुमी आधी पाय पुसून मोजे घाला, मग वर बघू.” इंग्रजीतल्या सूचनेने हे काम झाले नसते. भारतीय कुटुंबे आता आइसलँडला बऱ्यापैकी येऊ लागली आहेत, आणि संकोच, उपास, वयस्कर माणसांचे गुडघे या गोष्टी न सांगता समजणारा माणूस कंपनीला हवा असतो. अर्ज करताना हे आपले बलस्थान म्हणून स्पष्ट मांडावे.

आकाशाचा अभ्यास अर्थात करायचाच आहे. सूर्याकडून आलेल्या भारित कणांच्या झोताने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र खळबळते, त्यातून वेग घेतलेले इलेक्ट्रॉन ध्रुवांजवळच्या वातावरणात शिरतात आणि शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवरचे ऑक्सिजनचे अणू त्यांच्या आघाताने हिरवे उजळतात. त्याहून बऱ्याच उंचीवरचा ऑक्सिजन तांबडा आणि खालच्या कडेचा नायट्रोजन जांभळट दिसतो. चुंबकीय खळबळ मोजण्यासाठी ‘केपी’ नावाचा 0 ते 9 असा निर्देशांक वापरतात. आइसलँड त्या प्रकाशाच्या पट्ट्याखालीच असल्यामुळे तेथे 2 किंवा 3 सुद्धा पुरतो, तेव्हा नवख्याने निर्देशांकापेक्षा ढगांच्या नकाशाकडे अधिक पाहावे. आइसलँडचे हवामान खाते दोन्ही अंदाज एकत्र देते आणि वादळाचे पिवळे, नारिंगी, तांबडे इशारेही देते. नारिंगी इशारा असेल तर आकाश कितीही आशादायक वाटो, निघू नये. मे 2024 मधल्या मोठ्या सौरवादळात लडाखमधील हानले येथूनही तांबडी झाक टिपली गेली, त्यामुळे आपल्याकडे या विषयाची उत्सुकता वाढली. मात्र 19 अंश अक्षांशाच्या आसपासच्या मराठवाड्यातून तो पाहण्याची अपेक्षा ठेवू नये.

पर्यटकाला एक गोष्ट आधीच सांगावी. मंद प्रकाश कॅमेऱ्यात हिरवागार येतो, पण डोळ्यांना करडा, ढगाच्या पट्ट्यासारखा दिसतो, कारण अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या टॉर्चने ती मेहनत क्षणात वाया जाते, म्हणून काठावर पोहोचल्यावर सर्वांचे दिवे तांबड्या उजेडावर आणावेत. जे घडणार नाही त्याचे आश्वासन देऊन तिकिटे विकणाऱ्या कंपनीत काम करू नये, असे माझे ठाम मत आहे. खरे सांगितलेला माणूस ढगाळ रात्रीही समाधानाने परततो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

यातले बरेचसे शिक्षण मराठवाड्यात राहून सुरू करता येते. अंधारात माणसे सांभाळून नेण्याची सवय ही पहिली पायरी. कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला पायी जाणाऱ्या गटांबरोबर रात्री स्वयंसेवक म्हणून चालावे. दमलेला, पाय सोललेला, तरीही ‘थांबत नाही’ म्हणणारा माणूस कसा ओळखायचा आणि त्याला कसे थांबवायचे, हे तेथे शिकायला मिळते. गौताळा अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, आणि किल्ल्यांवर बंद होण्याच्या वेळेनंतर थांबू नये. त्यापेक्षा ओळखीच्या गावाचा डोंगर, शेतकऱ्याला विचारून, निवडावा. आपल्याकडे बर्फ नाही, पण कठडा नसलेल्या विहिरी आहेत, घोणस आणि फुरसे आहेत. दिवसा वाट पाहून ठेवणे, पुढे एक आणि सर्वांत मागे एक जाणता माणूस ठेवणे, ठरावीक अंतरावर डोकी मोजणे, या सवयी तिकडे जशाच्या तशा उपयोगी पडतात. बर्फावरचे चालणे मात्र हिमालयातच शिकावे लागेल. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 पासून आणि दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था 1954 पासून हे शिक्षण देत आहेत. तेथील सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम शुल्काच्या मानाने फार मोलाचा आहे. त्यानंतर दुर्गम भागातील प्रथमोपचाराचा 70 ते 80 तासांचा अभ्यासक्रम करावा. मुलाखतीत गिर्यारोहणापेक्षा याच प्रमाणपत्राबद्दल अधिक विचारतात.

परवान्याची बाजू अवघड आहे आणि ती अवघड आहे हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. भारतीय नागरिकाला तेथे काम करण्यासाठी निवास आणि काम असे दोन्ही परवाने लागतात, त्यासाठी नोकरी देणाऱ्यानेच पुढाकार घ्यावा लागतो, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातला माणूस मिळत असेल तर प्राधान्य त्याला असते. म्हणून थेट वाटाड्याच्या नोकरीवर जाणारे फार थोडे. शिक्षणासाठी जाणे, ठरवून दिलेल्या मर्यादेत अर्धवेळ काम करणे आणि त्यातून ओळख निर्माण करणे हा मार्ग मला अधिक प्रामाणिक आणि शक्यतेतला वाटतो. भूशास्त्र, पर्यावरण किंवा पर्यटन यांपैकी विषय घेतला तर शिक्षण आणि काम परस्परांना पूरक ठरतात. उदरनिर्वाहाची रक्कम बँकेत दाखवावी लागते, तिची तजवीज आधी करावी. ‘परवाना काढून देतो’ म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या मध्यस्थाने आमच्या भागातल्या एका होतकरू मुलाच्या वडिलांना जमीन गहाण टाकायला लावली आणि हाती काहीच आले नाही. अशा माणसाला उंबरठ्याबाहेरच ठेवावे.

नोकरी देऊ करणाऱ्या कंपनीकडे तेथील पर्यटन मंडळाचा परवाना आणि त्या सहलीची लेखी सुरक्षा योजना आहे का, हे विचारावे. दोन्ही असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि योजना दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे रात्रीची तुकडी घेऊन जाण्यात शहाणपण नाही. आइसलँडमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही. वेतन कामगार संघटनांच्या सामूहिक करारांनी ठरते, म्हणून करार कोणता लागू आहे ते लेखी घ्यावे आणि ‘शिकाऊ’ म्हणून बिनपगारी फेऱ्या करू नयेत. मिनीबस चालवण्याचा व्यावसायिक परवाना असेल तर काम लवकर मिळते. आपत्तीत 112 हा क्रमांक लावायचा असतो आणि मदतीला येणारी शोध-बचाव पथके स्वयंसेवकांची असतात. त्यांच्या सरावांना हजेरी लावावी, त्याहून चांगली शाळा मला तेथे दुसरी आढळली नाही.

हिवाळी हंगामासाठीची भरती साधारण उन्हाळ्यातच होते, त्यामुळे अर्ज वसंत ऋतूतच तयार ठेवावा. सोबत आपण नेलेल्या रात्रीच्या पदभ्रमणांची नोंदवही जोडावी : तारीख, वाट, माणसे किती, हवामान काय, कोणाला काय त्रास झाला आणि त्यावर काय केले. छायाचित्रांचा संग्रह पाठवण्याची गरज नाही. नोंदवही तारखेनिशी मराठीत लिहून ठेवली असेल तरी चालते. इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे आणि मूळ वही मुलाखतीला हाताशी ठेवावी.