बुडालेला व्यायाम रविवारी वसूल करू नका: ट्रायथलॉनच्या तयारीतल्या या चुका टाळा

जून उजाडला की आमच्या पुण्यातल्या ट्रायथलॉनच्या ग्रुपमध्ये नवी मंडळी येतात. गोव्याच्या हाफची, म्हणजे अर्ध्या अंतराच्या आयर्नमन ट्रायथलॉनची, नोंदणी झालेली असते, सायकल घेऊन झालेली असते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, चार महिन्यांत होईल ना?" होतं. 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर पळणं, सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. नोकरी करणारी, लहान मुलं असलेली, पन्नाशी ओलांडलेली माणसं हे पूर्ण करताना मी बघितली आहेत. पण शर्यतीत मागे राहणाऱ्यांपेक्षा शर्यतीपर्यंत पोचतच नाहीत अशी माणसं माझ्या ओळखीत जास्त आहेत. कारणं दर वर्षी तीच. तोंडी सांगून दमले, म्हणून एकदा लिहून काढते.

हुकलेल्या दिवसांची वसुली

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. दोन दिवस ऑफिसने खाल्ले, एक दिवस मुलाच्या तापात गेला, की लोक शुक्रवारी रात्री हिशेब मांडतात: राहिलेले बारा किलोमीटर रविवारच्या पळण्याला जोडून टाकू. 2023 साली मी स्वतः हाच हिशेब मांडला होता.

मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. 31 जुलै ही रिटर्न भरायची शेवटची तारीख, त्यामुळे जुलैअखेर आम्हाला घर दिसत नाही. त्या वर्षी मुदतवाढही मिळाली नाही. आधीच्या नऊ दिवसांत मी एकदा पोहले, एकदाही पळाले नाही आणि रोज चार-साडेचार तास झोपले. गोव्याची शर्यत 8 ऑक्टोबरला होती. डोक्यात एकच घोळत होतं, नऊ दिवस गेले.

5 ऑगस्टच्या शनिवारी पहाटे चांदणी चौकातून पिरंगुट, मुठा करत टेमघरच्या बाजूला जाऊन आले, 80 किलोमीटर, भर पावसात. सायकल पार्किंगमध्ये टेकवली, बूट बदलले आणि लगेच 10 किलोमीटर पळाले. रविवारी विद्यापीठाच्या आवारात 19. दोन दिवसांत 29 किलोमीटर पळणं झालं. त्याआधी माझं अख्ख्या आठवड्याचं पळणं 22 ते 25 च्या घरात होतं.

सोमवारी जिना उतरताना डाव्या नडगीला आतून कळ आली. नडग्या भरून येणं ओळखीचं होतं. स्प्रे मारला, क्रेप बँडेज बांधलं आणि बुधवारी परत 8 किलोमीटर पळाले. पहिले दोन किलोमीटर दुखलं, मग थांबलं. अंग तापल्यावर दुखत नाही म्हणजे काही विशेष नाही, असं मी ठरवून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पानं घ्यायला उठतानासुद्धा पाय धरतेस. आणि पळायचं कसलं?" ऐकलं नाही.

पुढच्या रविवारी रात्री ठणक्याने जाग आली. बाथरूममध्ये स्टुलावर बसून नडगीच्या हाडावरून अंगठा घोट्याकडून वर सरकवत नेला. साधारण वीतभर वर, रुपयाच्या नाण्याएवढ्या एका जागी अंगठा आला आणि डोळ्यांतून पाणीच आलं. बोटभर वर काही नाही, बोटभर खाली काही नाही. फक्त तिथे.

एक्स-रे स्वच्छ आला. तेवढ्यावर मी खूश होऊन घरी आले असते, पण डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. हाडाची अशी बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर. दोन आठवडे कुबड्या, सहा आठवडे पळणं बंद. शर्यतीच्या सकाळी मी घरी फोनवर ग्रुपमधल्यांच्या वेळा बघत बसले होते.

हे का होतं ते नीट समजून घ्या. तयारी सुरू केली की दम वाढतो, तो काही आठवड्यांत वाढतो. हाडाला महिने लागतात. ताण पडला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. मधला काळ खणलेल्या रस्त्यासारखा असतो: खड्डा खणून झालाय, भरायचा राहिलाय, आणि तुम्ही वरून ट्रक नेता. छातीत दम असतो म्हणून तुम्हाला वाटतं अंग तयार आहे. हाडाला विचारलेलं नसतं. त्यात झोप चार तासांची असेल तर डागडुजीला वेळच मिळत नाही. ऑफिसचा थकवा आणि पळण्याचा थकवा शरीर वेगळ्या खात्यांत टाकत नाही.

दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका, असा एक नियम सगळ्यांना पाठ असतो. वाईट नाही. पण ज्या आठवड्यात झोप झालेली नाही त्या आठवड्यात ती दहा टक्क्यांची वाढही मी घेत नाही.

माझी आताची सवय सांगते. हुकलं ते हुकलं. चार दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की पहिलं पळणं नेहमीच्या निम्मं, तेही सपाटीवर, आणि त्या आठवड्यात लांब सायकल आणि लांब पळणं लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. दर सोमवारी आंघोळीच्या वेळी दोन्ही नडग्यांवरून अंगठा फिरवते. नडगीचा लांब पट्टा दुखत असेल तर पळणं कमी करते आणि बूट तपासते. एकाच बिंदूत दुखत असेल, त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि थेट हाडांच्या डॉक्टरकडे. "रविवारचं एवढं करून मग जाते" असं कोणी म्हणालं की मला खरोखर राग येतो.

पेनकिलर घेऊन पळायला निघणारेही आहेत. उन्हात, घामाने पाणी गेलेलं असताना आयबुप्रोफेनसारखी गोळी मूत्रपिंडावर ताण आणते, शिवाय जे दुखणं तुम्हाला थांबवणार होतं तेच बंद करून टाकते. कृपा करून हे करू नका.

बायकांसाठी एक वेगळं. तयारीच्या काळात पाळी लांबली किंवा बंद झाली तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ खाणं श्रमाला पुरत नाही असा असतो, आणि मग हाडंही ठिसूळ होत जातात. आमच्यात वजन कमी करण्याच्या भरात रात्रीची पोळी सोडणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्यांना मी आधी जेवायला बसवते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. मी वर्षातून एकदा घेते.

तलावात येतं म्हणजे समुद्रात येतं असं धरून चालणं

पुण्यात आपण पोहायला शिकतो ते तलावात. टिळक तलाव म्हणा, बालेवाडी म्हणा किंवा सोसायटीतला 25 मीटरचा टँक म्हणा. 25 मीटरच्या टँकमध्ये 1.9 किलोमीटर म्हणजे 76 लांब्या. प्रत्येक लांबीला भिंत मिळते, पाय मारून दोन-तीन मीटर फुकट सरकता येतं, एक श्वास जास्त घेता येतो. खाली काळी पट्टी असते. समुद्रात यातलं काहीच नाही, आणि कटऑफ, म्हणजे पोहणं संपवायची मुदत, 70 मिनिटं.

आमच्यातला एक मुलगा, तलावात माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान, थेट शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा मिरामारच्या पाण्यात उतरला. पहिल्या दोनशे मीटरमध्ये कोणाची तरी टाच गॉगलवर बसली, पाणी गेलं, खाली बघितलं तर गढूळ, तळ दिसेना. त्याने मला नंतर सांगितलं, "ताई, हात चालत होते, पण श्वासच बाहेर जाईना." मदतीच्या कयाकला (छोट्या होडीला) धरून तो पाच मिनिटं थांबला. तेवढी अक्कल त्याला सुचली याचं मला कौतुक वाटतं, कारण कयाकला धरून थांबलं तर बाद करत नाहीत, फक्त त्याला धरून पुढे सरकायचं नाही. हे नव्या मंडळींना माहीतच नसतं. तो पूर्ण करून आला, पण पोहून बाहेर आला तेव्हा कटऑफला दोन मिनिटं उरली होती.

घाबरण्याची तयारीसुद्धा करावी लागते. मी आठवड्यातून एकदा भिंतीला न शिवता पोहते: भिंतीच्या दोन मीटर अलीकडे वळायचं, पाय लावायचा नाही. दर आठ-दहा हातांनी डोळे मगरीसारखे पाण्याच्या जरा वर काढून समोरची एक खूण बघायची आणि लगेच श्वासासाठी मान बाजूला. एका लेनमध्ये तिघं घुसून मुद्दाम एकमेकांना धक्के देत पोहायचं. सहा हात डोळे मिटून मारायचे आणि मग बघायचं आपण कोणत्या बाजूला वाहत जातो. मी उजवीकडे जाते. हे शर्यतीत कळलं असतं तर दोनशे मीटर जास्त पोहावं लागलं असतं.

सराव म्हणून खडकवासल्यात किंवा पानशेतच्या पाण्यात आपले आपण उतरणाऱ्यांबद्दल स्पष्टच लिहिते. धरणाच्या पाण्यात गाळ असतो, खोली अचानक बदलते आणि वाचवायला कोणी नसतं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिथे बुडाल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. मोकळ्या पाण्याचा सराव करायचा तर शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक शनिवार-रविवार काढून समुद्रावर जा, जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, सकाळी, दोघं-तिघं मिळून, रंगीत टोपी आणि कमरेला तरंगता फुगा बांधून. प्रवासाचा खर्च होतो. आठ लाखांची सायकल घेणाऱ्याने तरी हे कारण सांगू नये.

बाकीच्या, थोडक्यात

खाणं. शर्यतीच्या आदल्या दिवशी एक्स्पोमध्ये (शर्यतीच्या प्रदर्शनात) मिळालेलं जेल, म्हणजे पुडीतला साखरेचा घट्ट पाक, शर्यतीत पहिल्यांदा खाऊ नका. तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि पोटालाही ती पचवायची सवय लावावी लागते. मी सायकलवर केळं, राजगिऱ्याची वडी आणि मीठ घातलेलं साखर-लिंबाचं सरबत घेते, पळताना जेल. हे सगळं आधी दहा वेळा सिंहगड रोडवर आणि कात्रजच्या चढावर खाऊन बघितलेलं असतं. गोव्याच्या दमटपणात घाम पुण्याच्या दुप्पट वाटतो, तेव्हा नुसतं पाणी पीत राहणं धोक्याचं. रक्तातलं सोडियम उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ते आणखी पाणी पाजतात.

सायकल. ट्यूब बदलता येत नसेल तर शर्यतीला जाऊ नका. घरी, फरशीवर, मागचं चाक काढून दहा वेळा बदला. ओल्या हातांनी एकदा.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी, हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा, मगच सायकलला हात.

पावसात घाट उतरताना रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि वळणावरची वाळू टाळा. बोपदेव घाटात एकदा पडल्यावर हे कोणी विसरत नाही, पण पडायची गरज नाही.

प्रत्येक पळणं जोरात पळू नका. सोबतच्याशी अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा, घड्याळ काहीही म्हणो.

ताप. पुण्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू आणि चिकुनगुनिया दर वर्षी असतातच, आणि ते नेमके आपल्या तयारीच्या महिन्यांत येतात. ताप असताना व्यायाम नाहीच, कारण विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूपर्यंत जाऊ शकते. ताप उतरल्यावरही मी आठवडाभर फक्त चालते. डेंग्यू असेल तर प्लेटलेट जागेवर येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत सायकललासुद्धा हात लावत नाही.

घरच्यांना गृहीत धरणं

दुखापतीच्या खालोखाल लोक यामुळे सोडतात, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. शनिवार-रविवारची सकाळ गेली, दुपार झोपेत गेली, संध्याकाळी पाय दुखतायत. असे चार महिने घरातल्या कोणी का सोसावेत?

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे कालनिर्णय टांगलेलं आहे. जूनमध्येच नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन बसते आणि आधी घरच्या तारखा लिहिते: गौरी-गणपती, मुलीच्या परीक्षा, सासऱ्यांचं श्राद्ध, माझ्या ऑफिसची 30 सप्टेंबरची ऑडिटची मुदत. त्या आठवड्यांवर लाल पेन्सिलीने रेघ. त्यात व्यायाम फक्त टिकवण्यापुरता, आठवड्यात तीनदा, तासाच्या आत. उरलेल्या चौकटींत तयारी बसते का ते बघते. 2024 मध्ये बसली नाही, तेव्हा मी हाफ सोडून छोटी शर्यत केली. नोंदणीचे पैसे आधी भरून मग घरी सांगणाऱ्यांनी हा क्रम एकदा उलटा करून बघावा.

आणि लांब सायकलच्या दिवशी घरी यायची वेळ सांगून निघते. पहाटे पाचला बाहेर, साडेनऊला घरात. पिरंगुटला चहाला थांबायचं असेल तर ते त्या साडेचार तासांत बसवायचं. पंक्चर झालं तर फोन करते, आणि राहिलेले किलोमीटर सोडून मागे वळते.