लॉट नंबर बघितल्याशिवाय खोकं उघडू नका: ५० मीटर रायफलला नव्याने येणाऱ्यांसाठी

माझे अण्णा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. विणता विणता कापडात वेगळ्या छटेचा पट्टा दिसला की ते माग बंद करायचे, सुताच्या कोनातली, म्हणजे शंकूसारख्या रिळातली, चिठ्ठी काढून बघायचे आणि मालकांना सांगायचे, "रंग तोच हाय मालक, लॉट बदललाय." नंबर तोच, नाव तेच, पण रंगाची खेप वेगळी. उन्हात धरल्यावर फरक लगेच कळायचा.

हे लहानपणापासून ऐकत वाढलेल्या मला पॉइंट टूटूच्या, म्हणजे ०.२२ इंची रायफलच्या, गोळ्या घेताना लॉट बघायचं सुचलं नाही, याची चुटपुट अजून आहे. एअर रायफलवर तीन वर्षं काढून मी ५० मीटर प्रोनला, म्हणजे झोपून मारायच्या प्रकाराला आले. राज्य स्पर्धेआधी दोन महिने एकाच जातीच्या गोळ्यांवर सराव केला, साठ गोळ्यांना ६०५च्या आसपास यायचे (गुण दशांशात मोजतात, म्हणून सहाशेच्या वर जातात). स्पर्धेसाठी विक्रेत्याकडून त्याच नावाची, त्याच रंगाची खोकी घेतली. पहिल्या काही गोळ्या खाली पडल्या म्हणून साइटची चकती काही क्लिक, म्हणजे खाचा, फिरवून वर घेतलं. पण ग्रुपच, म्हणजे भोकांचा पुंजकाच, फाटला होता. हात, श्वास, ट्रिगर सगळं नेहमीसारखं, आणि स्क्रीनवर नऊ, दहा, नऊ, नऊ. ५९३वर थांबले. घरी येऊन जुनं रिकामं खोकं आणि नवं खोकं शेजारी ठेवलं, तेव्हा झाकणावरचे लॉट नंबर वेगळे दिसले.

२०२४ला स्वप्नील कुसाळेंनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं, कांस्यपदक आणलं. ते राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. त्याआधी २०१०ला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. त्यांच्याकडे बघून आता आपल्या भागातली मुलंमुली रायफलकडे वळतात. आल्या आल्या विचारतात, "ताई, दुर्बीण कुठली लावू? गोळी कुठली घेऊ?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी दोन गोष्टी. पॉइंट टूटू रायफल ही बंदूकच आहे, १९५९च्या शस्त्र कायद्याखाली तिला परवाना लागतो. म्हणून विकत घ्यायची घाई नको. क्लबच्या रायफलवर, प्रशिक्षकासमोर, रेंजवरच शिका. ही गोळी सहज दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे मामाच्या रानात डबा ठेवून मारू, असला विचारही मनात आणू नका.

दुसरी गोष्ट, आपल्या स्पर्धेत रायफलवर दुर्बीण चालत नाही. मागे पीप साइट, म्हणजे बारीक भोकाची चकती, पुढे नळकांड्यातली गोल कडी, आणि त्या कडीत लक्ष्यावरचा काळा गोळा मधोमध बसवायचा, एवढंच. शेजारी स्टँडवर स्पॉटिंग स्कोप ठेवता येतो, तो भोकं बघायला. मग रायफलवरच्या दुर्बिणीचं इथे काय काम? काम आहे, आणि मोठं आहे. गोळी निवडताना माझा डोळा चुकला की गोळी चुकली, हे वेगळं कळायला हवं. त्यासाठी रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, पीप साइट काढून दुर्बीण चढवायची आणि माणूस शक्य तेवढा बाजूला काढायचा.

पण ती दुर्बीणच वाकडी बसली तर निकालही वाकडा. पहिल्या वेळी मी ती नुसती डोळ्याच्या अंदाजाने बसवली होती. अण्णांनी घराचं बांधकाम चालू असताना आणलेला गवंड्याचा ओळंबा आता माझ्या किटमध्ये असतो. २५ मीटरवर तो लोंबता सोडायचा, रायफल पिशव्यांवर स्पिरिट लेव्हलने सरळ करायची, आणि दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोरीवर तंतोतंत बसेपर्यंत दुर्बिणीची नळी तिला धरणाऱ्या कड्यांमध्ये फिरवायची. ५० मीटर जाईपर्यंत पॉइंट टूटूची गोळी साधारण बारा सेंटिमीटर खाली येते. रायफल पाच अंश कलली की त्यातला जवळपास एक सेंटिमीटर आडवा जातो. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे, हे लक्षात घ्या.

दुर्बिणीची नळी मागेपुढे कुठे बसवायची हे डोळे मिटून ठरवा. डोळे मिटून गाल लाकडावर नेहमीसारखा टेकवायचा, मग उघडायचे. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी सावली आली तर नळी सरकवा, मान ताणू नका. स्क्रू एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसरीकडे जायचं नाही, आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, आणि किती आवळायचे तो आकडा बनवणाऱ्या कंपनीने दिलेला असतो, तोच धरायचा. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून कडीपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढते. मागे एकदा दोन आठवडे ग्रुप डावीकडे सरकत होता आणि मी ट्रिगरवरच्या बोटाला दोष देत होते. बहिणीच्या लाल नेलपॉलिशची रेघ पुढच्या एका स्क्रूवर अर्ध्या मिलिमीटरने तुटलेली दिसली आणि सगळा उलगडा झाला.

मग पॅरॅलॅक्स. हा शब्द ऐकून नवीन मुलं घाबरतात, पण बघायला अगदी सोपा आहे. रायफलला हात न लावता दुर्बिणीतून बघत डोकं हळूच वरखाली करा. दुर्बिणीतल्या रेघांची फुली काळ्या गोळ्यावर पोहल्यासारखी हलली तर पॅरॅलॅक्स आहे, म्हणजे डोळा जरा इकडेतिकडे झाला की नेम बदलणार. मोठ्या बंदुकांच्या पुष्कळ दुर्बिणी १०० मीटरच्या आसपास पक्क्या केलेल्या असतात, ५० मीटरला त्या फसवतात. बाजूला किंवा पुढच्या भिंगापाशी फिरवायची चकती असलेली दुर्बीण घ्या. चकतीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, फुली पोहायची थांबेपर्यंत फिरवा. त्याआधी मात्र डोळ्याकडचं भिंग आभाळाकडे बघून फुली काळीभोर दिसेल असं जुळवून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकतं.

क्लिक खरे आहेत का तेही तपासा. साध्या दुर्बिणीत एक क्लिक म्हणजे पाव मिनिट (हे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग), ५० मीटरवर सुमारे साडेतीन मिलिमीटर. एक गोळी मारा, वीस क्लिक वर, गोळी, वीस उजवीकडे, गोळी, वीस खाली, गोळी, वीस डावीकडे. सव्वासात सेंटिमीटरचा चौकोन पडून शेवटची गोळी पहिलीच्या भोकाशी यायला हवी. नाही आली तर त्या दुर्बिणीवर गोळी निवडू नका.

आता गोळी. बाजारात ईली, लापुआ, आरडब्ल्यूएस, एसके अशी नावं ऐकाल. महागातली महाग गोळी सगळ्यात चांगली असते असं नाही, तुमच्या रायफलच्या नळीला जी मानवते ती चांगली. मी चार लॉट तपासले होते. त्यात सगळ्यात स्वस्त होता तो दुसरा आला, आणि जो सगळ्यात महाग होता तो तिसरा.

जास्त वेगाची गोळी घ्यायचा मोह टाळा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४०-३५० मीटर. टार्गेटची गोळी मुद्दाम त्याच्या खाली, ३२०-३३०च्या आसपास ठेवलेली असते. ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली गोळी वाटेत त्या वेगाखाली उतरताना डळमळते, आणि तिला हवेचा अडथळाही जास्त होतो. त्यामुळे वारा तिलाच जास्त ढकलतो. वेगवान गोळी वाऱ्याला लवकर ओलांडून जाईल असं वाटतं, पॉइंट टूटूत ते उलटं आहे.

वेगापेक्षाही वेगातला सारखेपणा महत्त्वाचा. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक असेल तर ५० मीटरवर हिशोबाने त्या सात-आठ मिलिमीटर वरखाली पडतात. १०० मीटरवर हाच फरक तीन सेंटिमीटरपर्यंत जातो. एका लॉटमधल्या गोळ्या एका बसणीत, एकाच मालातून बनतात, म्हणून त्या एकमेकींच्या जवळ असतात. झाकणावरचा तो बारीक नंबर म्हणजे सुताच्या कोनातली चिठ्ठीच.

तपासणी अशी करते. लॉट बदलला की आधी पंधरा-वीस गोळ्या मोजदादीत न धरता मारते, कारण प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं असतं आणि नळीला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. मग दहा-दहाचे चार ग्रुप. पाच गोळ्यांच्या एका देखण्या ग्रुपवर कधी भुलू नका, पाच गोळ्या योगायोगानेही एका भोकात जातात. ग्रुप कडेपासून कडेपर्यंत मोजा. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर, वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा, त्यामुळे मधोमध बसलेला ग्रुप साडेएकवीस मिलिमीटरच्या आत असेल तर सगळे दहा. चारही ग्रुप त्याच्या आत देणारा लॉट सापडला तर पैसे जमवून तोच जास्तीत जास्त घ्या. आपल्याकडे आयात गोळी हवी तेव्हा हवी ती मिळत नाही. गोळ्यांचं वजन करणं, काडतुसाच्या कडेची जाडी मोजणं हे प्रकारही लोक करतात. मी एक महिना केले, फरक दिसला नाही. तो वेळ झोपून सरावाला द्यावा, असं माझं मत आहे.

सोलापुरात राहून आणखी एक शिकले. एप्रिलमध्ये इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. एकदा खोकं गाडीच्या डिकीत राहिलं. दुपारी उघडलं तर गोळ्यांवरचं मेण पातळ होऊन खोक्याच्या पुठ्ठ्याला तेलकट डाग पडले होते, आणि हातात घेतलेल्या गोळीला रेंजवरची काळी माती चिकटली. त्या गोळ्या वरच जात होत्या, कारण दारू तापली की वेग वाढतो. आता खोकी जेवणाच्या डब्याच्या जाड पिशवीत असतात आणि रेंजवर सावलीत. उन्हात फक्त पुढच्या दहा गोळ्या काढते.

वाऱ्यासाठी महागडी निशाणं लागत नाहीत. अण्णांच्या कारखान्यातल्या टॉवेलांच्या दशा बांबूच्या काड्यांना बांधून लेनच्या कडेला १० आणि ३० मीटरवर रोवते, अर्थात रेंज ऑफिसरने फायरिंग थांबवल्यावरच. सेकंदाला मीटरभर आडव्या वाऱ्यानेही गोळी पाच-सात मिलिमीटर सरकते. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की दशी आडवी फडफडते, तेव्हा मी थांबते. ती पुन्हा ओळखीच्या कोनात आली की मारते. प्रत्येक झुळकीला क्लिक देत बसलात तर साइट कुठे होती हेच विसराल.

लॉट ठरला की दुर्बीण उतरवा, पीप साइट चढवा, आणि त्यानंतर महिनाभर काहीही बदलू नका. पुढची कडीसुद्धा नाही. ही कडी मात्र सुरुवातीला जरा मोठीच घ्या, काळ्याभोवती पांढरं भरपूर दिसलं पाहिजे. लहान कडीत गोळा नीट बसवायच्या नादात माणूस ट्रिगर दाबायचा विसरतो आणि डोळा थकतो.

माझ्या वहीत प्रत्येक पानाच्या वर तारीख, लॉट, तापमान आणि दशीचा कोन असतो, खाली ग्रुप चिकटवलेला. सध्याच्या लॉटची सात खोकी उरली आहेत. ती फक्त स्पर्धेसाठी. सरावाला दुसरा लॉट काढला आहे, त्याची तपासणी रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. ज्यांना बघायचं असेल त्यांनी कानाची बोंडं घेऊन यावं.