विंडोज नव्याने टाकण्याआधी

दुकानात संगणक फॉरमॅटला देताना ‘डी ड्राइव्हला हात लावू नका’ एवढं सांगून भागत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सहसा सी ड्राइव्हवरच, ‘युजर्स’ फोल्डरमध्ये असतं. तुमच्या नावाचा फोल्डर अख्खा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. त्यातला ‘अ‍ॅपडेटा’ लपलेला असतो, ब्राउझरचे बुकमार्क तिथेच; ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण केली की दिसतो. साठवलेले पासवर्ड मात्र नुसत्या कॉपीने सहसा परत मिळत नाहीत, ते ब्राउझरमधूनच एक्स्पोर्ट करा.

पेन ड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) असेल तर जागा असूनही ४ जीबीहून मोठी फाइल (लग्नाचा व्हिडिओ हमखास!) जात नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आधी त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून.

डी ड्राइव्हवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर नंतर तोही उघडणार नाही.

द्राक्षबागेचा हिशेब टॅलीत असेल तर तिचा डेटा फोल्डर, जुन्या पत्रिकांसाठी श्रीलिपीचे (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे) फॉन्ट, हेही उतरवून घ्या. लोक विसरतात ते नेमकं हेच.

ही बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फाइली उघडून बघा. मग ती काढून ठेवा. इन्स्टॉल करताना जोडलेली राहिली तर चुकून तीच पुसली जाऊ शकते.