केबल घेण्याआधी टेप काढा

बटण दाबलं की कॉम्प्रेसर नुसता घुमायचा, चाक जेमतेम हलायचं आणि ओव्हरलोड (मोटर वाचवणारा स्विच) उडायचा. यंत्रच खराब म्हणून परत पाठवलं, बदलून आलं, तेही तसंच घुमलं. दोष यंत्रात नव्हता. केबल निवडताना लोड काढला होता, कुठल्या मापाची वायर किती अँपिअर नेते तो तक्ता पाहिला होता, रंगावरूनसुद्धा वाद घातला होता. मेन बोर्डापासून कॉम्प्रेसरपर्यंत अंतर किती, हे मात्र कुणी मोजलं नव्हतं. कुणी म्हणजे मी. आता दुसरी जागा उभी करताना ही यादी स्वतःसाठीच लिहून काढतोय.

लोडची यादी करा, हे सांगायला नको. फक्त प्रत्येक यंत्राच्या पाटीवरचे अँपिअर लिहा, अंदाजाने अश्वशक्ती नको. मोटर असेल तर शेजारी 'सुरू होताना' असा वेगळा रकाना ठेवा, कारण थेट सुरू होणारी मोटर त्या क्षणी नेहमी चालतानाच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट ओढते. पुढे घ्यायची यंत्रं आत्ताच यादीत टाका.

आता अंतर. टेप घ्या आणि वायर जिथून जाणार तिथून चाला: बोर्डातून वर, छताखालून, खांबाला वळसा, पुन्हा खाली. माझ्या डोळ्यांना ते ३५ मीटर वाटत होतं, प्रत्यक्षात ६० भरलं. तक्त्यातले अँपिअर एवढंच सांगतात की वायर तापून बिघडणार नाही. पलीकडच्या टोकाला किती व्होल्ट पोचतील, याबद्दल तो तक्ता अवाक्षर काढत नाही. २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर २० च्या वर अँपिअर आरामात नेते, माझा कॉम्प्रेसर घेत होता १५. कागदावर सगळं चोख.

हिशेब पाच मिनिटांचा आहे. सिंगल फेजला मीटरमधलं अंतर गुणिले अँपिअर गुणिले ०.०४, भागिले स्क्वेअर एमएम. जाणं-येणं आणि तारेची उष्णता त्या ०.०४ मध्ये धरलेली आहे. ६० गुणिले १५ गुणिले ०.०४ म्हणजे ३६, भागिले २.५ म्हणजे जवळपास १४ व्होल्ट वाटेतच गेले. २३० वर हे सहा टक्के झाले. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकात दिव्यांसाठी ३ आणि बाकीच्यांसाठी ५ टक्क्यांची मर्यादा सुचवलेली आहे, आणि तीही सप्लाय जिथे आत येतो तिथपासून, मधल्या छोट्या बोर्डापासून नव्हे. हे चालू असतानाचं झालं. सुरू होताना पाचपटीने ७२ व्होल्ट निघतात, पण व्होल्टेज पडलं की प्रवाहही घटतो, तरी पन्नासेक व्होल्ट वायरच खाते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, म्हणजे उरला साधारण साठ टक्के. घुमणार नाही तर काय करेल?

१० स्क्वेअर एमएमची टाकल्यावर पहिल्या बटणाला सुरू झाला. पण जुन्या पाइपातून ती जाईना, म्हणून भिंत फोडावी लागली. तेव्हा पाइप एक नंबर मोठाच घाला आणि आत ओढतार (पुढे केबल ओढून घ्यायची तार) सोडून ठेवा. तीन फेजला ०.०४ च्या जागी ०.०३५ घ्या, टक्के ४०० व्होल्टवर काढा. पण आधी अंतर मोजा.

आयईसीच्या तक्त्यातले अँपिअर ३० अंश हवेचे आणि एकट्या सर्किटचे असतात. पत्र्याखाली ५० अंश झाले की पीव्हीसी वायरची क्षमता ७१ टक्के उरते. एकाच पाइपात पूर्ण लोडची तीन सर्किटं कोंबली तर ७० टक्के. दोन्ही एकत्र असेल तर गुणाकार करा, बेरीज-वजाबाकी नाही: निम्मी क्षमता गेली. एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप उडणारा स्विच) या उरलेल्या क्षमतेपेक्षा मोठा नको. एमसीबी सारखा उडतो म्हणून मोठा बसवणाऱ्याला दाराबाहेरच थांबवा. तो एमसीबी वायर वाचवायला आहे.

आवरणाचं जागेवर ठरतं. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंत, एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) ९० पर्यंत. जमिनीखाली आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची. हलत्या यंत्राला बारीक तारांची लवचिक केबल. कडक केबल रोज वाकली की आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. तेल, ऊन, रसायन असेल तर विक्रेत्याला तसं स्पष्ट सांगा. माणसं गर्दीने बसतात तिथे कमी धुराची, हॅलोजन नसलेली केबल घ्या, कारण आगीत बाहेरची वाट आधी धुराने बंद होते. फायर अलार्मला आग सोसणारी, ड्राइव्हवरच्या (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणावरच्या) मोटरला शील्डवाली, म्हणजे धातूची जाळी असलेली.

न्यूट्रलवर काटकसर नको. संगणक आणि एलईडी खूप असतील तर तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेचे प्रवाह) न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, साचतात. अर्थिंगची तार १६ स्क्वेअर एमएमपर्यंत फेजच्याच मापाची. ॲल्युमिनियम चालेल, पण माप वाढवून आणि योग्य लग (तारेच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) लावून. तांब्याशी नुसतं पिळून जोडलं तर सांधा तापून जळू शकतो.

माल आला की टोक सोलून खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांबं नाही, तांब्याचा मुलामा आहे. शंका असेल तर रोध मोजून घ्या: २.५ च्या १०० मीटर कॉइलला २० अंशांवर ०.७४ ओहमच्या आसपास, लवचिक असेल तर ०.८ पर्यंत. बराच जास्त आला तर माप कमी आहे किंवा धातू वेगळा आहे.

आणि ऑर्डर देण्याआधी कागदावर प्रत्येक सर्किटपुढे अंतर लिहिलंय का ते पुन्हा पाहा. एकाही रकान्यात 'अंदाजे' असेल तर टेप घेऊन परत जा.

बाकी पटापट. डेटा केबल पॉवरपासून लांब. लग क्रिंप केलेले (हत्याराने दाबून घट्ट बसवलेले), स्क्रू नीट आवळलेले. दोन्ही टोकांना नंबर. मेगर (आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) ५०० व्होल्टवर, एक मेगाओहमच्या खाली आलं तर चालू करू नका. पूर्ण लोडवर तासभर चालवून सांधे गरम होतात का पाहा, आणि लांबच्या टोकाचं व्होल्टेज मोटर सुरू होत असताना मोजा, बंद असताना नाही.